नमुना क्रमांक सात

कापडातलं आपल्याला कुणी शिकवू नये, असं आजोबा दिवसातून निदान तीनदा म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. बत्तीस वर्षं कापडगिरणीच्या तपासणी खात्यात त्यांनी कापडाची ठाणंच्या ठाणं बोटांखालून घातली होती. निवृत्त होऊन चार महिने झाले, पण त्या बोटांना करण्यासारखं काम घरात काही सापडेना. अशात आजीचा हात मोडला.

म्हणजे झालं ते वाईटच! पण मनगटाला प्लास्टर चढलं आणि तीन आठवड्यांसाठी स्वयंपाकघर आजोबांच्या ताब्यात आलं. पहिल्याच सकाळी दूध उतू गेलं. ओटा पुसायला त्यांनी फडकं उचललं, सवयीनं उजेडात धरलं, आणि किंचाळले,

"अगं, हा माझा बनियन आहे!"

"होता," बाहेरच्या खोलीतून आजी म्हणाली.

"बत्तीस वर्षं कापड तपासलेल्या माणसाच्या घरात ओटा बनियननं पुसतात?"

"आता त्या माणसानंच पुसायचाय. माझा हात गळ्यात आहे!"

आजोबांना हे भलतंच लागलं. त्यांनी घरातली बनियनची यच्चयावत फडकी गोळा केली आणि कचऱ्याच्या गाडीत स्वतः नेऊन टाकली. येताना दुकानातून ओटा पुसायची नवी कापडं आणली. एक नाही, दोन नाही, अकरा! जाड, पातळ, खरखरीत, स्पंजासारखी, चौकड्यांची आणि एक असं गुळगुळीत, की दुकानदार म्हणे त्याला डाग दाखवला तरी पुरे.

"रीतसर चाचणी होणार," त्यांनी जाहीर केलं. "जे पहिलं येईल, तेच या घरात राहील!"

"करा बाई काय करायचं ते," आजी म्हणाली आणि तिनं रेडिओ मोठा केला.

चाचणी गुरुवारी दुपारी करायचं ठरलं. नेमकी त्याच दुपारी तीन वाजता सूनबाईंची मुलाखत होती, लॅपटॉपवर. मुलगी झाल्यापासून तीन वर्षं त्या घरात होत्या. अर्ज करून करून थकल्या होत्या, तेव्हा कुठे हे एक बोलावणं आलं होतं. आठवडाभर त्या आरशासमोर उत्तरं पाठ करत होत्या.

"बाबा, तुमच्यावर एकच काम," त्या सकाळी म्हणाल्या. "अडीच वाजता हिला झोपवायचं. एकदा झोपली की दोन तास ढोल बडवला तरी उठत नाही. फक्त हातात गुबू द्या. गुबू नसेल तर मात्र रडून घर डोक्यावर घेईल!"

"अहो, ठाणं हाताळली मी. पोर काय चीज आहे!"

गुबू म्हणजे नातीचं लाडकं फडकं. आजोबांनी ते कायम तिच्या मुठीत चुरगाळलेलंच पाहिलं होतं. नातीला घरात सगळे खारूताई म्हणत, कारण ती हाताला लागेल ते कुठेतरी नेऊन दडवायची. मागच्या महिन्यात आजोबांची कवळी पिठाच्या डब्यात सापडली होती.

दुपारी दीड वाजता सूनबाई खारूताईला आंघोळीला घेऊन गेल्या आणि आजोबांनी गिरणीतली मोठी कात्री काढली. तपासणी खात्याचा नियम होता: नमुना आधी मधोमध कापायचा. अर्धा चाचणीला, अर्धा साक्षीला. उद्या कुणी भांडायला आलं तर दाखवायला! त्यांनी टेबलावरची कापडांची चळत नीट केली आणि एकाच दमात कचाकच कापून काढली. उजवे अर्धे बिस्किटांच्या डब्यात बंद केले. डाव्या अर्ध्यांना नंबर घातलेले चिमटे लावायला घेतले, तर चिमटे अकरा आणि कापडं बारा!

"एक जास्त दिलं वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले. "माणूस चांगला आहे हो दुकानदार!"

त्यांनी बारावा चिमटा आणला.

खात्याचा दुसरा नियम, चष्मा काढून ठेवायचा. रंग बघून डोळे भाळतात, बोटं भाळत नाहीत. आजोबांनी चष्मा काढला. समोरचं सगळं धुकं झालं. मग ओट्यावर पाणी ओतलं, तेल ओतलं, चहा ओतला, सॉस ओतला आणि एकेक नमुना फिरवायला सुरुवात केली. गुळगुळीत महाशयांनी पाणी टिपलंच नाही, नुसतं या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवून आणलं. स्पंजासारखं तेलात घसरून जमिनीवर गेलं. चौकडीवाल्यानं तर स्वतःचा रंगच ओट्याला दिला!

आणि मग आला नमुना क्रमांक सात. काय तो स्पर्श! काय ती टिपण! एकदा फिरवलं, पाणी गायब; दुसऱ्यांदा फिरवलं, तेल गायब, चहाचा मागमूस नाही. आजोबांना गहिवरून आलं. बत्तीस वर्षांत असं कापड हाताखालून गेलं नव्हतं.

"अगं, सापडलं!" तेलानं निथळणारं फडकं उंच धरून ते बाहेरच्या खोलीत धावले. "शंभरात शंभर!"

घड्याळात दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. सूनबाई आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. खारूताई आजीच्या मांडीवर डोळे चोळत होती. तिनं वर पाहिलं.

"गुबू!"

आजोबांनी चष्मा लावला. क्रमांक सात करडं होतं, विरलेलं होतं आणि त्याच्या कोपऱ्यावर छोट्या दातांचे ठसे होते.

खारूताईचा खालचा ओठ बाहेर आला. आजोबा आल्या पावली मागे फिरले.

"थांब, थांब! साक्षीचा नमुना आहे!" त्यांनी धावत जाऊन बिस्किटांचा डबा उघडला. खात्याचा नियम असा कामी यावा! कोरडा, स्वच्छ, अर्धा गुबू त्यांनी नातीच्या हातात दिला. तिनं तो नाकाला लावला. उलटा केला. मग शांतपणे विचारलं,

"बाकीचा कुठेय?"

"बाकीचा... कामावर गेलाय."

खारूताईनं पहिला सूर लावला. पावणेतीन! आजोबांनी जाड दिलं, चौकड्यांचं दिलं, डोक्यावर स्पंजाचं ठेवून माकडही झाले. सूर चढतच गेला. आतून सूनबाईंचा घाबरा आवाज आला, "बाबा? सगळं ठीक आहे ना?"

"अगदी उत्तम!" आजोबा घाम पुसत म्हणाले आणि आजीपुढे हात जोडले. "अगं, काहीतरी कर. पोरीची तीन वर्षांनी संधी आलीय, माझ्यामुळे जाईल! कुठलं होतं ते कापड? आत्ता जाऊन आणतो."

आजीनं रेडिओ बंद केला. "दुकानात मिळत नाही ते. तुमचा बनियन आहे."

"काय?"

"ही तान्ही होती तेव्हा फाडला होता. घरात आणखी होते, ते तुम्ही कचऱ्याच्या गाडीत घातले." तिनं प्लास्टरचा हात त्यांच्या छातीकडे केला. "तसाच जुना एक अंगावर राहिलाय अजून. सदरा काढा."

दोन वाजून त्रेपन्न मिनिटांनी तपासणी खात्याचे माजी प्रमुख सदरा काढून, मग बनियन काढून उघडे उभे राहिले. खारूताईनं बनियन नाकाला लावला. हुंदका अर्ध्यावर थांबला. तिनं त्याचा बोळा करून गालाखाली घेतला आणि तीनच्या ठोक्याला घोरायला लागली. घाईत सदरा पडला होता तो सॉसमध्ये. कपाट मुलाखतीच्या खोलीत. पाऊण तास आजोबा खांद्यावर क्रमांक तीन आणि छातीवर क्रमांक नऊ पांघरून बसून राहिले.

दार उघडलं. "बाबा! झालं! सोमवारपासून या म्हणाले!" सूनबाईंचे डोळे भरून आले होते. मग त्यांचं लक्ष गेलं. "हे... काय घातलंय?"

"चाचणी चालू आहे," आजोबा म्हणाले. पण त्यांचेही डोळे भरले होते, म्हणून त्यांनी क्रमांक नऊनं ते पुसले. जराही टिपलं नाही मेल्यानं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी हार मानली आणि दुकानातून सहा कोरे बनियन आणून, कात्रीसकट, आजीपुढे ठेवले. "घे. फाड. ओट्याला तीन, नातीला तीन."

आजीनं डाव्या हातानं एक उचलला, दोन बोटांत चोळला आणि परत ठेवला.

"नापास."

"अगं, चांगल्यातला चांगला आहे!"

"कडक आहे. असं कापड तयार व्हायला दोन वर्षं लागतात. घाला तुम्ही, घामाघूम व्हा, रोज धुवा. मग मी तपासते."

चार महिने रिकामं बसलेल्या माणसाला अखेर काम मिळालं. हल्ली आजोबा रोज सकाळी तासभर भरभर चालून येतात. शेजारी विचारतात, तब्येतीसाठी का? आजोबा मान डोलावतात. ओट्यासाठी, हे कुठल्या तोंडानं सांगायचं!