अकरा महिन्यांची हनुवटी

आमची चांगुणाआत्या प्रत्येक फोटोत चहा पिते. माझ्या लग्नाचा फोटो बघा. अंतरपाट धरलाय, भटजींनी तोंड उघडलंय, आणि मामाच्या खांद्यामागे आत्या बशी तोंडाला लावून उभी आहे. बारशाच्या फोटोत बशी, हळदीच्या फोटोत बशी. एका फोटोत तर ती खाडीत होडीवर उभी आहे. होडी हलतेय, बाकीच्या बायका एकमेकींना धरून किंचाळतायत, आणि आत्याच्या हातात मात्र बशी.

घरात नवी सून आली की तिला वाटतं, बाईला चहाचं भारी वेड. तसं नाही. बशी ओठाला लावली की तिच्याआड हनुवटी झाकते. आता झाकायला तिथे फारसं काही नाही, हे मी भाचा असूनही सांगतो. आत्याचा चेहरा कपाळापासून खालच्या ओठापर्यंत अगदी रीतसर येतो आणि तिथून थेट गळ्यात उतरतो. ती स्वतःच म्हणते, "आमच्याकडं ओठाच्या खाली लगेच उतार लागतो."

या उतारामुळे तिचं लग्न झालं नाही. बघायला माणसं यायची, पोहे खायची, "कळवतो" म्हणून जायची. ती अजून कळवतायत. आत्या रडत बसली नाही. तिने कंबरेला पदर खोचला आणि आपल्या वाटणीची जमीन कसायला घेतली. पुढे भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गावात गोदामांचं वारं आलं तसे भावांनी तुकडे विकले. माझ्या वडिलांनीही विकले; भिवंडीतला आमचा फ्लॅट त्यातलाच. आत्याने इंचभर विकलं नाही. तिच्या तुकड्यावर गोदाम उभं राहिलं ते तिच्या मालकीचं, आणि आत माल भरणारी कंपनी भाड्याची. आज ती गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसते आणि कंटेनर वळवणाऱ्या ड्रायव्हरांना दम भरते, "ओ भय्या, गाडी पीछे लेव! दीवार को हात मत लगाव!" भलेभले ड्रायव्हर तिला बघून रिव्हर्स गिअर शोधतात.

तेव्हापासून तिच्या लेखी जगात दोनच व्यवहार आहेत, पक्का आणि अकरा महिन्यांचा. भाडेकरार अकरा महिन्यांचे असतात म्हणून तिने सगळं जगच त्या मापात बसवलंय. नवा चष्मा आणला की, "बघू अकरा महिने." भाचीचा नवरा आवडला का विचारलं की, "अकरा महिने जाऊ दे, मंग सांगतंय." मी शाळेत मास्तर लागलो तेव्हा पेढा हातात घेऊन तिने पहिला प्रश्न विचारला, "पक्की नोकरी का भाड्याची?"

तर ही आत्या गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका रविवारी आमच्याकडे आली, सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "मना हनुवटी बसवायची हाय. तू डाक्टर बघ."

माझी बायको हसू दाबायला आत गेली. मी म्हणालो, "आत्या, आता या वयात?"

"गोदाम जुना झाला तवा नवा शटर बसवला का न्हाय? तवा कोन बोलला, या वयात?"

तिला घेऊन मी ठाण्याला एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, सोशिक होते, आणि त्यांना वाटत होतं की प्रश्न ते विचारणार आहेत.

त्यांनी समजावलं. एक मार्ग म्हणजे हनुवटीचं हाड कापून पुढे सरकवायचं आणि धातूच्या पट्टीने बसवायचं.

आत्या ताडकन सरळ झाली. "बांध सरकवायचा? न्हाय बा! बांध सरकवन्यापायी आमच्या गावात डोकी फुटलीत."

दुसरा मार्ग म्हणजे ओठाच्या आतून किंवा हनुवटीखालून छोटा छेद देऊन सिलिकॉनचा तुकडा आत ठेवायचा. भूल द्यावी लागते, सूज उतरायला वेळ लागतो, पण एकदा बसला की तो कायमचा.

"म्हंजे पक्का बांधकाम. आन् न्हाय पटला तर?"

"काढता येतो. पण त्यासाठी पुन्हा ऑपरेशन."

"पाडकाम," आत्या माझ्याकडे बघून म्हणाली.

तिसरा मार्ग इंजेक्शनचा. आत जेल भरायचं, त्याने हनुवटीला आकार येतो. फार मोठा बदल होत नाही, आणि हळूहळू जेल विरतं. "साधारण वर्षभर टिकतं. माणसागणिक थोडं कमी-जास्त."

"थोडा कमी म्हंजे अकरा महिने?"

डॉक्टर म्हणाले, तसंही म्हणता येईल. त्या क्षणी आत्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते बघण्यासारखं होतं. ती खुर्ची ओढून टेबलाला टेकली. "आन् मधीच जागा खाली करून घ्यायची असली तर?"

"हे जेल विरघळवणारं दुसरं इंजेक्शन असतं."

"ऐकलास?" तिने माझ्या मांडीवर थाप मारली. "भाडेकरू बाहेर काडायची सोय हाय!"

मग तिने डॉक्टरांची उलटतपासणी घेतली. दुखतं किती? तोंड वाकडं होतं काय? गाठ राहते काय? तरण्या मुलीला चालतं काय? पोरगी शिकत असेल तर किती दिवस घरी बसावं लागतं? हे शेवटचे प्रश्न मला जरा विचित्र वाटले, पण आत्याच्या बोलण्यात विचित्र काय आणि सरळ काय, हे निवडायचं मी केव्हाच सोडलंय. डॉक्टरांनी धोकेही लपवले नाहीत. क्वचित त्रास होतो, तसं काही वाटलं तर लगेच यायचं, म्हणाले.

गावात दोन तट पडले. गोदामाचा वॉचमन पांडे पक्क्याच्या बाजूचा. "माताजी, एक बार में पक्का काम कराइए. बार-बार का झंझट काहे को?" आत्याने त्याला खुर्चीतूनच गप्प केलं, "नया आदमी को पहले दिन चाबी देता हाय क्या? तुमको भी नहीं दिया था."

इंजेक्शनच्या दिवशी ती नऊवारी नेसून, नथ घालून आली. नथ काढावी लागली, तेवढ्यावरच काय ती कुरकुर. सुई टोचताना तिने माझा हात धरला होता, आणि हात माझाच दुखला. चार-पाच दिवस थोडा काळानिळा डाग होता. तो गेला आणि आरशात हनुवटी उरली. छोटीशी, पण स्पष्ट. उतार संपून तिथे आता पायरी झाली होती.

पुढच्याच आठवड्यात गावात हळद होती. आमच्याकडे लग्नाला एखादा नाही आला तरी चालतं, हळद कोणी चुकवत नाही. डीजे वाजत होता, मांडव गच्च भरला होता. गावचा फोटोग्राफर आत्याला ओळखून होता. त्याने कॅमेरा खाली धरला आणि ओरडला, "अरे, आत्यासाठी चहा आना कोनीतरी!"

"चहा नको," आत्या म्हणाली. "काड फोटू."

तिने पदर मागे टाकला, मान वर केली आणि डावीकडून, उजवीकडून, समोरून फोटो काढून घेतले. डीजे मध्येच थांबला, की मला तसं वाटलं, कोण जाणे. म्हाताऱ्या बाया उठून जवळ आल्या आणि तिची हनुवटी बोटांनी चाचपून बघायला लागल्या. आत्या प्रत्येकीला सांगत होती, "हात लावा, पन सांबाळून. भाड्याची हाय!" मग ती नाचली. मी तिला तसं नाचताना कधी बघितलं नव्हतं, आणि माझी छाती अभिमानाने फुगली होती, हे सांगायला मला काही लाज नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. मी मोबाइलवर हळदीचे फोटो दाखवायला लागलो, तर म्हणाली, "हे ऱ्हाऊ दे. दिवालीचा काड."

दिवाळीचा फोटो म्हणजे सगळं घर एकत्र. मागे आत्या, तोंडाला बशी. तिने पुढच्या रांगेवर बोट ठेवलं. तिथे माझी मुलगी मयुरी, कॉलेजात शिकणारी. तिच्या तोंडाशी कॉफीचा मग होता.

"आता मागचा काड. गनपतीचा."

गणपतीच्या फोटोत मग. त्याआधीच्या वाढदिवसाच्या फोटोत मग. मयुरी आत्यावर गेलीय, असं जन्मापासून सगळे म्हणतात. कशात गेलीय, ते मी इतक्या वर्षांत नीट बघितलं नव्हतं.

मयुरी दारातच उभी होती. तिने हळूच सांगितलं, "मी आत्याआजीला बोलले होते, मला ऑपरेशन करायचंय. ती म्हणाली, थांब."

"थांब बोललं, नको न्हाय बोललं," आत्याने दुरुस्ती केली. "पोरीच्या तोंडाला सुई लावायची तर आदी माज्या तोंडाला लावून बघितली. ये इकडं, बस. सांगतंय." मयुरी शेजारी बसली. "दुकतं, पन सोसवतं. तोंड वाकडं न्हाय झालं. डाक्टर खोटं बोलत न्हाय. तुना करायची तर कर, मी येतंय संगती. न्हाय करायची तर नको करूस. तुजी जागा, तुजी मर्जी." मग तिने मयुरीची ती उताराची हनुवटी बोटात धरली. "पन यो मग सोड. आजपासून सोड."

"का गं?"

आत्याने मोबाइलमधल्या आपल्या बशीवर बोट ठेवलं.

"मना चहा आवडतच न्हाय, पोरी," ती म्हणाली. "कवाच आवडला न्हाय. जलमभर पीत बसलू."

मयुरी आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग तिने आत्याच्या गळ्यात हात टाकले. माझ्या बायकोने आतून नेहमीप्रमाणे चहा आणला होता. ती ट्रे घेऊन दारातच थांबली. मी मोबाइल उचलला आणि फोटो काढला. एक हनुवटी भाड्याची आणि एक घरची, शेजारी शेजारी, दोघींचे हात रिकामे.

अकरा महिने होत आले तसा क्लिनिकमधून आत्याला फोन आला, पुन्हा भरायचं का म्हणून. "नको, जागा खाली ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "भाडेकरू चांगला व्हता." मयुरीचं अजून ठरलेलं नाही, ठरवेन तेव्हा सांगेन, म्हणते. यंदाच्या दिवाळीत दोघी पहिल्या रांगेत बसल्या, आणि आत्यासाठी मी मुद्दाम लिंबाचं सरबत करायला सांगितलं. ते तिने फोटो काढून झाल्यावर प्यायलं.