पद वगळून दोन शब्द

माणूस आयुष्यभर काय होता, हे त्याच्या रक्षाविसर्जनाच्या भाषणांतून नेमके कळते. ज्याला ते कळायला हवे तो त्या वेळी हजर नसतो, एवढी किरकोळ उणीव सोडली तर ही पद्धत सर्वांगसुंदर आहे.

वडूजपासून सोळा किलोमीटरवर ढवळमाथा नावाचे गाव आहे. तिथे तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन होते आणि लगेच श्रद्धांजलीची भाषणे सुरू होतात. मागच्या वर्षी गावातली चौदा माणसे गेली. भाषणांचा सरासरी वेळ दरडोई (म्हणजे मयतामागे) बावन्न मिनिटे. त्यातली एक्केचाळीस मिनिटे पदे, बढत्या, बदल्या आणि मुलगा परदेशात कुठल्या कंपनीत आहे यांवर खर्ची पडली. 'कधीही भरून न निघणारी पोकळी' त्रेसष्ट वेळा निर्माण झाली. (एवढ्याशा गावात एवढ्या पोकळ्या असताना विहिरी वेगळ्या का खोदायच्या, असे एका शेतकऱ्याने रीतसर विचारले होते.) एका अधिकाऱ्याच्या बदल्यांची यादी तर साताऱ्याहून निघून कराडमार्गे सांगलीला पोचेपर्यंत तीन म्हातारी माणसे उन्हाने चक्कर येऊन पडली.

तेव्हा सरपंच प्रांजलने ग्रामसभा बोलावली आणि ठराव क्रमांक सात मंजूर झाला. मसुदा हंबीररावांचा. हंबीरराव म्हणजे सहसंचालक (निवृत्त). छत्तीस वर्षे नोकरी, नऊ बदल्या, चार बढत्या, दारावर पितळी पाटी. ('निवृत्त' हा शब्द पाटीवर जरा बारीक आहे.) असा बिनचूक मसुदा लिहिणारा हात उभ्या खटाव तालुक्यात दुसरा नाही, हे ते स्वतःही मान्य करत.

ठरावानुसार श्रद्धांजलीत मयताचे किंवा वक्त्याचे पद, खाते, बढती, बदली, पुरस्कार, बंगला, वाहन आणि अपत्यांचे पॅकेज यांचा उल्लेख करण्यास सक्त मनाई झाली. पोकळी बंद. 'मनमिळाऊ', 'हसतमुख' हे शब्द वापरायचे तर प्रसंग आणि एक साक्षीदार द्यावा लागेल. निषिद्ध शब्द निघताच शाळेची जुनी घंटा वाजेल आणि वक्ता जिथे असेल तिथे बसेल. वेळेची नोंद सरपंच मोबाइलवर घेतील. हंबीररावांना वाटले, चला, गावाची फुकाची बडबड तरी थांबेल.

ठरावानंतर पहिल्या गेल्या तानुबाई. जन्मभर मेंढरांमागे फिरलेली बाई. तिला पद नव्हतेच, तेव्हा दोन मिनिटांत सगळे घरी जातील असा अंदाज होता. भाषणे एक तास चाळीस मिनिटे चालली.

कुणी म्हणाले, अडलेली गाय सोडवायला तिलाच बोलवायचे. धनाजी नावाचा ट्रॅक्टरवाला उठला. "माजी आय गेली तवा म्हातारी रोज दारात येऊन बसायची," तो म्हणाला. "काय बी बोलायची न्हाई. दोन म्हैनं बसली. मला लय बरं वाटायचं." एवढे बोलून तो रडायला लागला. रडण्यावर बंदी घालायचे मसुद्यात राहून गेले होते.

हंबीररावांनाही भरून आले. दहावीच्या परीक्षेच्या दिवशी ते तापाने फणफणले होते, तेव्हा तानुबाईने बिऱ्हाडाच्या घोड्यावर बसवून त्यांना वडूजला पोचवले होते. ते उठले. "आज मी जो सहसंचालक—" घंटा वाजली. आपल्याच कलमाने ते खाली बसले. चार सेकंद.

पुढच्या आठवड्यात एक निवृत्त वर्ग एक अधिकारी गेले. गर्दी मोठी, गाड्या फाट्यापर्यंत. वक्ते एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मयताचे तीस वर्षांपासूनचे सहकारी उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "साहेब... उंच होते." ते बसले. एकूण अकरा सेकंद, खाकरणे धरून. ('बरेच उंच' अशी दुरुस्ती सुचवण्यात आली, पण साक्षीदाराअभावी ती बारगळली.)

त्या दिवशी हंबीरराव पहिल्यांदा घाबरले. मृत्यूचे त्यांना भय नव्हते. पेन्शन पत्नीला मिळेल अशी सगळी कागदपत्रे तयार होती. भय होते ते तिसऱ्या दिवसाचे. घरी येऊन त्यांनी कोरा कागद घेतला, वर 'विषय : स्वतः' असे लिहिले आणि चहा दोनदा गार होईपर्यंत बसून राहिले. मग पत्नीला हाक मारली.

"शालन, नोकरी सोडून माझ्याबद्दल काहीतरी सांग."

शालनबाईंनी भाजी निवडता निवडता बराच विचार केला. "आवं, नोकरी सोडून तुमी हुता कवा?"

टीका रचनात्मक होती. हंबीररावांनी दुसऱ्याच दिवशी सार्थकता कृती आराखडा हाती घेतला. दर आठवड्याला तीन माणुसकीची कृत्ये, प्रत्येकाची प्रपत्र 'ब'मध्ये नोंद, खाली लाभार्थ्याची सही. ते आजाऱ्यांच्या भेटीला जाऊ लागले. सलाइन लावलेल्या नाथाजींचा उजवा हात अडकला होता, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. धनाजीच्या दारात ते मुद्दाम जाऊन गप्प बसले. धनाजीने तासाभराने विचारले, "सायब, कुटला कागद अडलाय का?" दोन महिन्यांत चोवीस कृत्ये झाली. उद्दिष्टपूर्ती शंभर टक्के.

आता मूल्यमापन हवे. मेल्यावर दुरुस्तीला वाव नसतो, म्हणून हयातीतच एक रंगीत तालीम घ्यावी असा विनंतीअर्ज त्यांनी ग्रामपंचायतीला दिला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी समाजमंदिरात 'पूर्वश्रद्धांजली' ठरली. भडंग आणि चहाची सोय होती, त्यामुळे उपस्थिती उत्तम. हंबीरराव पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून, मयताच्या जागी बसले.

"काका, सुरू करू?" प्रांजलने विचारले आणि मोबाइल हातात घेतला.

भडंग खाल्ल्याचा आवाज तेवढा येत राहिला. नऊ मिनिटांनी धनाजी उठला. "सायबांनी आपल्या खात्यात—" घंटा. नाथाजी म्हणाले, "मानूस भेटाया आला हुता. अंगटा घिऊन गेला." सहा सेकंद. पुढे कुणी उठेना. हंबीरराव मांडीवरच्या हातांकडे बघत होते. चोवीस प्रपत्रे पिशवीत होती, पण मयताला कागद सादर करता येत नाहीत, हे कलम त्यांचेच होते. अशी शरम त्यांना कुठल्याच बदलीत वाटली नव्हती.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून शालनबाई उठल्या. पदर सावरला.

"लगीन झालं तवा ह्ये तासगावला हुते. शनवारी यष्टीनं यायचे, पिशवीत द्राक्षं घिऊन. समदी मलाच द्यायचे. म्हनायचे, मला आवडत न्हाईत. मी खायाची, आन ह्ये नुसते बगत बसायचे. मला वाटायचं, काय मानूस मिळालाय!"

समाजमंदिरात कुणी भडंग चावेना. हंबीररावांना काहीच आठवत नव्हते. म्हणजे द्राक्षे आठवत नव्हती. आपल्याला ती आवडतात एवढे नक्की माहीत होते.

"मंग बढती झाली—" शालनबाई म्हणाल्या.

घंटा वाजली.

नियम तो नियम. त्या बसल्या. प्रांजलने मोबाइल बघितला आणि वहीत लिहिले : सतरा सेकंद.

सोमवारी हंबीरराव पहाटेच्या एसटीने तासगावला गेले आणि दुपारी द्राक्षांची पेटी घेऊन आले. पेटी शालनबाईंपुढे ठेवून समोर बसले. शालनबाईंनी चार मणी खाल्ले, पाचवा त्यांच्यापुढे धरला. "मला आवडत—" एवढे म्हणून हंबीरराव थांबले. खोटे आता त्यांच्याने बोलवेना. त्यांनी मणी खाल्ला आणि घळाघळा रडले. या कृत्याची प्रपत्र 'ब'मध्ये नोंद आढळत नाही.

ठराव क्रमांक सात आता आसपासच्या गावांनाही पाठवला आहे. आपल्या गावी तो यायची वाट बघण्याचे कारण नाही. हे वाचायला आपल्याला सहाएक मिनिटे लागली असतील. तेवढीच मिनिटे घड्याळात लावून घरातल्या कुणालाही विचारावे, "माझं काम सोडून माझ्याबद्दल दोन शब्द सांग." समोरचे माणूस "थांब हं, आठवते" असे म्हणण्याची शक्यता आहे. ते थांबणे वेळेत धरायचे नाही, असे कलमात स्पष्ट लिहिले आहे.