दणका कुठं गेला?

दिनकरतात्यांना उभी गाडी दिसली की ते ती दाबून बघतात. मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवायचे, सगळा भार टाकायचा आणि एकदम सोडायचं. मग मान तिरकी करून गाडी किती झोके घेते ते पाहायचं. गाडी कोणाची, हा प्रश्न त्यांना पडत नाही. नवीन जालन्यात आमच्या गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडी दाबली. निम्मी फुलं खाली आली. नवरदेवाचा मामा धावत आला, तर तात्या त्यालाच म्हणाले, "मागचे शॉकअप गेलेत. नवरीला पुढं बसवा."

तात्यांची सगळी नोकरी एका बियाणे कंपनीत, फिरतीवर गेली. निवृत्तीनंतर त्यांच्याजवळ उरली एक जुनी फोर-बाय-फोर जीप आणि एक प्रश्न. तो ते रिक्षावाल्यांनाही विचारतात: "दणका कुठं गेला?" चाक दगडावर चढलं की दणका बसणार, हे त्यांना मान्य आहे. तो पुढे कुठं जातो, एवढाच त्यांचा मुद्दा. "पाट्यात मुरला पाहिजे. मणक्यात न्हाई गेला पाहिजे." पाटे म्हणजे जीपच्या खाली, चाकांजवळ, एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी.

मणका सुमनकाकूंचा. तात्यांच्या पत्नी.

तीर्थपुरीच्या शिवारात त्यांची मोसंबीची बाग आहे. तात्या फिरतीवर असताना ती काकूंनी लावली आणि वाढवली. डांबरी रस्ता सोडला की बागेपर्यंत लांबलचक पांद आहे, शेतांमधली कच्ची वाट. काळी माती, त्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या आणि वाळून टणक झालेल्या चाकोऱ्या, मधे गोट्यांनी भरलेला नाला. दोन वर्षांपूर्वी याच पांदीत, याच जीपमध्ये, तात्या चालवत असताना काकूंच्या कंबरेतली चकती सरकली. पुढे त्या हिंडूफिरू लागल्या. डॉक्टरांनी घरात, अंगणात चालायला परवानगी दिली, दणक्याला दिली नाही. बाग सुटली. बागेबरोबर काकूंचं बोलणंही आटलं. तात्यांनी "चहा?" म्हटलं की "ठेवलाय" एवढंच उत्तर यायचं.

यंदाच्या हिवाळ्यात त्या एकदाच सलग बोलल्या. "बाग विकून टाका. जिथं जाता येत न्हाई ते ठेवून काय करायचं?" आष्टीचा एक व्यापारी घ्यायला तयार होता. पाडव्याच्या आत त्याला हो की नाही सांगायचं होतं. तात्यांनी उत्तर दिलं, "गाडीची टेस्टिंग चालू हाय. मंग बघू."

गल्लीला वाटलं, म्हाताऱ्याला जीपच्या शर्यतीत उतरायचं आहे.

पहिली चूक खास जालन्याची होती. लोखंड वाहणारे ट्रक पाहत वाढलेल्या या गावात चांगली स्प्रिंग म्हणजे जास्त ओझं झेलणारी स्प्रिंग. तात्यांनी ट्रकवाल्यांच्या कारखान्यात जीप नेली आणि प्रत्येक चाकाला जाड पाटे वाढवून आणले. जीप वीतभर उंच झाली. चढायला स्टूल लागू लागलं. तात्या दिवसभर खुशीत होते. दुसऱ्या दिवशी ती बिनओझ्याची जीप गतिरोधकावरून शेळीसारखी उडाली आणि मागे बसलेल्या तात्यांचं डोकं छताच्या नळीवर आपटलं.

मागे, कारण टेस्टिंग ते मागच्या सीटवरूनच करत. काकूंच्या जागेवर बसायचं, काकूंचा कंबरेचा पट्टा आवळायचा आणि डोळे मिटायचे. चालवायला गफूरभाई, त्यांचे जुने मित्र आणि गॅरेजचे मालक. ही वरात बाजारातून निघाली की भाजीवाल्या मावशी विचारत, "तात्यांना दवाखान्यात नेऊन राह्यले का?"

"न्हाई मावशी," गफूरभाई म्हणत, "माहेरी. बाळंतपणाला."

तात्या डोळे न उघडता म्हणत, "समोर बघ, गफूर."

डोक्याला टेंगूळ आलं त्या दिवशी मात्र गफूरभाईंनी गाडी बाजूला घेतली. "तात्या, ये तो ट्रक बना दिया तुमने. तुम्हाला सळई वाहायची का भाभीला न्यायचं?"

तात्यांनी टेंगूळ चोळलं. मग म्हणाले, "काढ सगळे."

नवा संच पुण्याहून आला. पाटे थोडे, लांब, मधे जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेले. दोन पाट्यांच्या मधे मोकळी फट, म्हणजे ते एकमेकांवर घासत नाहीत, सहज वाकतात. जोडीला नवे शॉकअप. गफूरभाईंनी पांदीच्या तोंडाशी चाकांतली हवाही थोडी कमी करायला शिकवलं. संचाचं खोकं तात्यांनी काकूंना दाखवलं. "चांगलंय," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

महिनाभर जीप तीर्थपुरीला जाऊन येत राहिली. एका संध्याकाळी तात्यांनी मला रस्त्यात थांबवलं. चेहरा निकाल सांगायला आल्यासारखा गंभीर.

"आज झोप लागली."

"कुठं?"

"नाल्यात. बिलकुल गाढ."

तरी काकूंना त्यांनी चला म्हटलं नाही. जेवताना म्हणाले, "बागेला फुलं आलीत." "आली असतील." "वास पार पांदीपर्यंत येऊन राह्यला." काकू ताटं उचलायला लागल्या. सकाळी मात्र नेसून तयार झाल्या आणि घरभर शोधत फिरल्या. "माझा पट्टा कुठंय?" तात्यांनी मुकाट्याने सदरा वर केला. पट्टा त्यांच्याच कंबरेला होता.

मला बोलावणं आलं, ते जास्तीचा माणूस हाताशी असावा म्हणून. गफूरभाई चालवायला, मी त्यांच्या शेजारी, दोघं मागे. डांबरी रस्ता संपला. जीप चाकोरीत उतरली, एका बाजूला कलली, सावरली. नाल्यात पुढचं चाक गोट्यावर चढलं आणि मागून आवाज आला, "अगं आई!"

गफूरभाईंनी ब्रेक दाबला. आवाज तात्यांचा होता.

"तुम्हाला काय झालं?" काकूंनी विचारलं.

"तुला न्हाई ना काही झालं?"

"मी नीट बसलेय. हात सोडा माझा, दुखून राह्यला."

बागेत काकू हळूच उतरल्या. पहिल्या झाडाजवळ थांबल्या, फुलांची फांदी खाली ओढली, वास घेतला. दुसऱ्या झाडाजवळ त्यांची नजर खोडावर गेली. तिसऱ्या झाडापासून त्यांचा आवाज चढला.

"हे काय? डिंक गळून राह्यलाय! खोडाला बोर्डोचं औषध कुणी लावायचं, मी? आणि पाणी बराबर बुडाशी! आळं खोडापासून लांब करायचं एवढं सांगून गेल्ते मी! दर आठवड्याला इथं येऊन करत काय होते?"

दर आठवड्याला तिथे येणारा माणूस हात मागे बांधून समोर उभा होता. खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं. ते झोपत होते.

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. आष्टीचा व्यापारी. तात्यांनी फोन काकूंकडे दिला आणि दुसरीकडे पाहू लागले.

"न्हाई हो," काकू म्हणाल्या. "आजारी झाडं कुणी विकतं का? आधी नीट करते. मंग? मंग कशाला विकू?" फोन तात्यांच्या हातात परत देऊन त्या पुढच्या झाडाकडे वळल्या. बोलणं चालूच होतं.

तात्या माझ्याजवळ आले. डोळे पाणावले होते, पण ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"ऐकलं का?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "दोन वर्षं झाली. घरात नुसतं हो आणि न्हाई. एकदासुद्धा रागावली न्हाई माझ्यावर."

झाडांमागून हाक आली. "ओ, तिथं गप्पा काय मारताय? इकडं या, हे चौथं झाड बघा!"

"आलो, आलो," म्हणत तात्या धोतर सावरत धावले.