आत्याचा गुलाब आणि माझी करडी नजर

माझी नजर म्हणजे नजर आहे! शेजाऱ्याने चष्मा बदलला तर त्याच्या बायकोआधी माझ्या लक्षात येतं. म्हणून आत्या चार दिवस लेकीकडे निघाली तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "तुझा गुलाब माझ्यावर सोड!"

गुलाब साधासुधा नव्हता. रविवारी फुलांचं प्रदर्शन होतं आणि दरवर्षी दुसऱ्या नंबरावर समाधान मानणाऱ्या आत्याला यंदा पहिला हवाच होता. तिने किल्ली दिली खरी, पण चेहरा असा, की मांजराला दुधाची राखण सांगतेय!

पहिल्याच दिवशी मी शत्रू पकडला! पानांवर काळ्या, काटेरी अळ्या फिरत होत्या. मगरीची पिल्लंच! एकेक चिमट्यात धरून साबणाच्या पाण्यात बुडवली. कळ्यांच्या देठाशी मात्र इवलेइवले हिरवे जीव गपगार बसले होते. कुणाच्या अध्यात ना मध्यात! त्यांना मी हात लावला नाही. त्यांच्याभोवती मुंग्यांची अशी लगबग, की मला वाटलं झाडाची साफसफाईच चाललीय. कष्टाळू जमात! कौतुकाने कुंडीत चिमूटभर साखर टाकली.

दोन दिवसांत देठ हिरव्या जिवांनी भरले, पानं चिकट झाली, कळ्यांनी माना टाकल्या. मला वाटलं, आत्याची आठवण येत असेल.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"किडे मारले गं सगळे!" मी म्हणालो.

"कसले किडे?"

"काळे, काटेरी. पाठीवर नारिंगी ठिपके."

"अरे मेल्या, त्या लेडीबर्डच्या अळ्या! मावा खायला मीच पार्सलने मागवून सोडल्या होत्या!"

"पण मावा आहेच कुठे? इथे नुसते हिरवे, गरीब बिचारे..."

"तोच मावा! झाडाचा रस पितोय तो! मुंग्या आहेत का?"

"आहेत ना! त्या साफसफाई—"

"डोंबलाची साफसफाई! मावा गोड पाणी सोडतो, ते चाटायला त्या त्याची राखण करतात!"

साखरेचं मी बोललोच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या दारात हजर. कळ्यांवरून हात फिरवताना तिचे डोळे भरून आले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माझ्या हातात ओला कापूस कोंबला. "अळ्यांचं काम आता तू करायचं!"

केलं. पान न् पान उलटं करून पुसलं. बोटांत काटे घुसले, मान आखडली. आत्या खुर्चीत बसून ओरडत होती, "त्या देठामागे बघ! तुझी नजर ना चांगली?" फक्त मावा खायचा तेवढा मी बाकी ठेवला!

रविवारी गुलाब असा काही फुलला, की पहिला नंबर आत्याचाच! रिबीन बांधता बांधता परीक्षक बाईंनी कौतुकाने विचारलं, "एवढं स्वच्छ झाड! औषध कुठलं वापरता हो?"

"भाचा," आत्या म्हणाली.

"नवीन दिसतंय. दुकानात मिळतं?"

"नाही हो. आणि मिळालं तरी आणू नका. आधी झाड मारतं, मग गुण येतो."