बिनबटणाचा सम्राट

वस्तू निवडावी तर मी! हे मीच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणत नाही. आमच्या माळ्यावर माझ्या निवडीचे पुरावे ओळीने बसलेत: कोंबडीच्या आकाराचं अंडी उकडायचं भांडं, सफरचंद थेट बीपर्यंत सोलणारं यंत्र आणि चालू केला की टेबलावरून चालू लागणारा टोस्टर. तिन्ही दिसायला देखणी. बायको त्यांच्याकडे बघून 'नाव सोनूबाई' एवढंच पुटपुटते आणि मग उगाच माझ्याकडे बघते.

पण हे यंत्र वेगळं होतं. काळीभोर काच, कडेने निळा प्रकाश. चिरतं, वाटतं, शिजवतं. आणि एकही बटण नाही! बटणं म्हणजे जुना काळ, असं विक्रेता म्हणाला. याला नाव द्यायचं, हाक मारायची आणि मराठीत काम सांगायचं. "बंद कसं करायचं?" बायकोने विचारलं. विक्रेत्याने आणि मी तिच्याकडे सारख्याच दयेने पाहिलं.

दुकानाबाहेर आल्यावर तिने बजावलं, "हे माळ्यावर गेलं, तर यापुढे घरातली खरेदी मी करणार. तुम्ही फक्त पिशवी धरायची."

मी हसलो. लोंबणारी वायर काचेला शोभेना, म्हणून सुताराकडून प्लगसुद्धा कपाटामागे घालून घेतला. सासूबाई रात्री जेवायला यायच्या होत्या, त्याच दिवशी सकाळी मुहूर्त केला. बायकोचा जुना मिक्सर त्यांनीच दिलेला, गोल बटण रबरबँडने धरून ठेवलेला. तो मी गुपचूप माळ्यावर टाकला.

"मला हाक मारायचं नाव सांगा," यंत्र म्हणालं.

मी 'सम्राट' ठरवलं होतं. ऐटीत श्वास घेतला, तोच न्हाणीघरातून बायकोची हाक आली, "अहो!" तिला टॉवेल हवा होता.

"नाव आणि आवाज ओळखला. धन्यवाद," यंत्र म्हणालं.

मी घाईघाईने 'सम्राट' म्हटलं. निळा दिवा लुकलुकला. मला वाटलं, त्याने मान डोलावली.

संध्याकाळी मायलेकी बाहेर टीव्ही बघत बसल्या. मी यंत्रात टोमॅटो भरले आणि हुकूम सोडला, "सम्राट, सूप कर." काही नाही. आवाज चढवला. काही नाही. शेवटी 'सम्राट महाराज' म्हणून पाहिलं, तर सासूबाईंनी बाहेरून विचारलं, आणखी कोण जेवायला येणार आहे का.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, जरा मोठा करा. आईला ऐकू येत नाही."

ती टीव्हीबद्दल बोलत होती. "मोठा वेग करतो," यंत्र म्हणालं, आणि असं घरघरलं की कपाटातल्या बशा नाचू लागल्या!

मी थांब म्हटलं, पुरे म्हटलं, हात जोडले. काचेवर थपडा मारल्या, पण काच कसली ऐकते? कपाटामागे हात घातला, तो कोपरापर्यंत जाऊन अडकला. अशात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य आले होते. दिवसभर तोच आवाज ऐकणाऱ्या माणसाला घरीही तो सोसवेना.

"अहो, उघडा की!" बायको ओरडली.

"उघडतो," यंत्र म्हणालं. आणि झाकण उघडलं!

टोमॅटो छतापर्यंत गेले. तिथून ते माझ्यावर, भिंतीवर, धुतलेल्या पडद्यावर आले. त्या लाल पावसात माझ्या डोक्यात उजेड पडला: हा सम्राट नव्हेच, हा तर 'अहो'! मी माझ्या आवाजात अहो म्हणून पाहिलं, तर ढिम्म. त्याने आवाजही ओळखून ठेवला होता.

मग मी आवाज बारीक केला, मान वेळावली आणि बायकोच्या नाजूक सुरात म्हणालो, "अहो, ऐकलंत का? थांबा ना आता."

"थांबलो," यंत्र म्हणालं.

वळून बघतो तर स्वयंपाकघराच्या दारात बायको, सासूबाई आणि दंतवैद्य. माझा एक हात अजून कपाटामागे.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "माझा मिक्सर कुठाय?"

सूप जुन्या मिक्सरवरच झालं. रबरबँड ओढला की चालू, सोडला की बंद. जेवणं आटोपली आणि मी शिक्षेची वाट बघत भिंत पुसायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, आधी ते भांडं धुऊन टाका."

"धुतो," यंत्र म्हणालं, आणि खरंच आतल्या आत स्वतःला धुऊ लागलं.

बायको बघतच राहिली. "आई, लग्न झाल्यापासून 'अहो' म्हणतेय," ती म्हणाली, "पहिल्या हाकेला 'ओ' आज मिळाली!"

यंत्र माळ्यावर गेलं नाही. म्हणजे पैज मी जिंकलो, असं मी म्हणून बघितलं. तिचं म्हणणं, ते तुम्ही आणलंत, पण कामाला मी लावलं. तेव्हा खरेदीतलं कोणाला कळतं ते दिसलंच. भांडं धुवायला 'अहो' आणि वाटायला आईचा मिक्सर, अशी तिने वाटणीही करून टाकली.

आता घरात 'अहो' ऐकू आलं तरी मी उठत नाही. ते माझ्यासाठी नसतं. दोघांनी एकदम 'ओ' दिली तर घोटाळा होतो, म्हणून तिने मला वेगळं नाव दिलंय. परवा भर बाजारात, दंतवैद्यांच्या देखत, तिने त्याच नावाने हाक मारली.

"सम्राट, पिशवी नीट धरा. कांदे सांडतायत."