फोईने ठेवलेलं नाव

भावनगरच्या रसीलाबेनना भाचीचं नाव ठेवायचं होतं. तो फोईचा, म्हणजे आत्याचा मान. बाळ कॅनडात, फोई भावनगरात. मध्ये एक निळी वायर.

वायरीतून इंटरनेट येत होतं, पण मुंगीच्या पावलांनी. पडद्यावर भाऊ जांभई द्यायला तोंड उघडे, ते मिटेपर्यंत इकडचा चहा गार होई.

कंपनीने तक्रार तत्परतेने नाकारली. "बेन, तुमची योजना 'शंभरपर्यंत' वेगाची आहे. दोन हा आकडासुद्धा शंभरपर्यंतच येतो."

तरीही ग्राहकसमाधानार्थ पार्थिव नावाचा तंत्रज्ञ आला. त्याने वायर बदलली. मग संगणकाला दोष दिला. रसीलाबेनच्या यजमानांनी, कीर्तिभाईंनी, नवा संगणक आणला. आता नव्या संगणकावर संथ चालू लागलं.

शेवटी पार्थिवने कंपनीच्याच पानावर वेग मोजला आणि समाधानाने गांठिया तोंडात टाकला. "मासी, कंपनीपर्यंत वेग उत्तम आहे. कंपनीच्या पुढे जग लागतं. तो आमचा विभाग नाही."

"अरे मेल्या, मग माझी भाची कुठल्या विभागात येते?"

"जगात, मासी."

मुहूर्ताला घर नातेवाइकांनी भरलं. खबरदारी म्हणून पार्थिवलाही बोलावलं होतं. रसीलाबेननी निवडलेलं नाव होतं मैत्रेयी. त्यापायी त्यांनी कित्येक दुपारी झोप मोडली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि चित्र गोठलं.

"मासी, रीस्टार्ट करा!" टेबलाखालून पार्थिव ओरडला.

नेमकी त्याच क्षणी वायरीला धुगधुगी आली. सगळ्या गलक्यातून तिने दोनच अक्षरं उचलली आणि सातासमुद्रापार नेऊन पोचवली.

"रिस्टा!" तिकडे टाळ्या कडाडल्या. "बेन, काय नाव शोधलंस गं! एकदम वेगळं!"

"अरे भाई, नाही रे, मै–" आणि लाइन गेली.

परत जोडली जाईपर्यंत तिकडच्या कचेरीत नोंद झालेली होती. रसीलाबेन पदर तोंडाला लावून रडल्या.

"रडतेस काय? अर्थ विचारला तर सांगणार काय, ते बघ आधी," कीर्तिभाई म्हणाले.

तीही चिंता मिटली. नावांच्या एका संकेतस्थळावर अर्थ झळकला: 'रिस्टा: प्राचीन संस्कृत शब्द. पुन्हा उमलणारी.' हे पान मात्र झटक्यात उघडलं.

आता रसीलाबेनच्या गल्लीतच तीन रिस्टा आहेत. चौथ्या घरात डोहाळे लागलेत. आणि तुम्ही हसताय खरे, पण आत्ताच ते नाव आपल्या आडनावाला लावून पाहिलंत ना?