भिंतीवरचा उजवा हात

"उजवा हात भिंतीवरून उचलायचाच नाही! मग डोळे मिटूनसुद्धा माणूस आगीपर्यंत पोहोचतो. गणितानं सिद्ध करून दाखवू?" परीक्षेआधी मी कॅप्टन वेर्नाला ऐकवलं.

"सिद्ध नको करूस बाई, विझव!" ती म्हणाली. "पास झालीस तर जळत्या घरात जाशील. नाहीतर वर्षभर बंबाच्या गाड्या धू."

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या आमच्या गावात बंबावर सगळे हौशी. पदार्थविज्ञानाची पदवी असलेली मी एकटीच! मी कसली नापास होतेय?

खऱ्या धुरात काही दिसत नाही, म्हणून परीक्षेत मुखवट्याच्या काचेवर मेणकागद लावतात. नुसता उजेड-अंधार कळतो. सरावाच्या पत्र्याच्या घरात पिंपभर पेंढा पेटवलेला होता आणि कॅप्टन त्याच्याशेजारी आमची वाट बघत बसली होती.

पाण्यानं फुगलेला होज काखेत मारून मी रांगत आत शिरले. होज कसला, रेडा गिळलेला अजगर! मागून तो पुढे सरकवायला ऑरिन, गावचा न्हावी. उजवा हात भिंतीवर. एक वळण. दुसरं वळण.

"कोरी, गार वारं लागतंय गं."

"लागणारच! आग हवा ओढून घेते."

"गुडघ्याखाली गवत आहे."

"गालिचा असेल रे!"

"ओला?"

"आपलंच पाणी! तू होज सरकव!"

तेवढ्यात सगळं लख्ख उजळलं. केवढी ही आग! मधोमध लालभडक ठिपका, चरचर आवाज, आणि माणसांचा आरडाओरडा.

"लोक अडकलेत!" मी किंचाळले आणि नोझल उघडलं. फुस्स! वाफच वाफ! मी रेडिओवर ऐटीत सांगितलं, "कॅप्टन, आग विझली!"

"कुठली?" रेडिओतून आवाज आला. "मी तिच्या शेजारीच बसलेय. छान पेटलीय."

मी मुखवटा काढला. घराचं मागचं दार कुणीतरी सताड उघडं टाकलं होतं आणि माझी भिंत मला त्यातून थेट हिरवळीवर घेऊन आली होती. समोर दलप्रमुख डॅनिलोकाका, हातात चिमटा, मिशीतून पाणी ठिबकतंय. शेगडी उताणी. त्यांच्या आईनं घरी बनवलेली सॉसेजेस, म्हणजे अख्ख्या दलाचं जेवण, गवतात पोहत होती.

"हात सोडला नव्हतास ना?" ऑरिननं विचारलं.

"छे!"

"मग झालं की सिद्ध!"

कॅप्टन बाहेर आली, तिनं शेगडीकडे पाहिलं. "नेम झकास. पवित्रा झकास. इमारत तेवढी चुकली."

सध्या मी गाड्या धुते. कुठे आग लागली की मला घराबाहेर उभं करतात. त्याचं मला काही वाटत नाही. बाहेरची आग विझवण्यात माझ्या तोडीचं इथे आहे कोण?

फक्त डॅनिलोकाका शेगडी पेटवायला लागले, की मला घरी पाठवतात.